एक घाव, शून्य तुकडे

आमच्या गटात कॅम्पिंगची कामं वाटली जातात तेव्हा जो फोन उचलत नाही त्याच्या गळ्यात जळण पडतं. गेल्या खेपेला तो मी होतो. हाताला लागेल ती फांदी गुडघ्यावर आपटून मोडत बसलो. पाचव्या फांदीला कडकन आवाज आला, पण तो फांदीचा नव्हता. चार दिवस लंगडल्यावर ठरवलं, आता एक छोटी कुऱ्हाड घ्यायची. पिशवीत मावेल अशी.

कुऱ्हाड निवडायला वेळ तो काय लागणार? लोखंडाचा एक तुकडा आणि एक दांडा. मला तीन आठवडे लागले.

सुरुवातच वजनापाशी अडली. छोट्या कुऱ्हाडीचं पातं साधारण ४५० ते ७०० ग्रॅमचं असतं आणि दांडा ३० ते ४० सेंटिमीटरचा. कागदावर हे आकडे अगदी सज्जन दिसतात. पण हलकं पातं लाकडाला नुसत्या गुदगुल्या करतं, आणि जड पातं दिवसभर पाठीवर वागवावं लागतं. हाताला काय झेपतं ते बघावं म्हणून मी अर्ध्या लिटरची पाण्याची भरलेली बाटली घेतली आणि बैठकीच्या खोलीत उभा राहून खुर्चीच्या दिशेने घाव घालू लागलो. मग मोठी बाटली पाऊण भरून तीच कसरत. बायको दारात कधीपासून उभी होती कोण जाणे. "तहान लागलीय, की खुर्चीवर राग आहे?" एवढंच विचारून ती आत गेली.

त्यात शाळेतलं भौतिकशास्त्र आडवं आलं. पात्याचं वजन दुप्पट केलं तर घावातली ऊर्जा दुप्पट होते, पण वेग दुप्पट केला तर चौपट. म्हणजे महत्त्व वेगाला. वेगासाठी हवा लांब दांडा. लांब दांडा पिशवीत मावत नाही. थोडक्यात, कुऱ्हाडीतली कुऱ्हाड काढून टाकली की जे उरतं ते पिशवीत मावतं, आणि मी नेमकं तेच शोधत होतो.

दांड्याचे तीन पंथ आहेत. अख्खी कुऱ्हाड एकाच पोलादी तुकड्याची असली तर पातं निसटायची भीती नाही, पण प्रत्येक घावाचा झणका कोपरापर्यंत येतो. फायबरचा दांडा पावसाला भीक घालत नाही, पण मोडला की बहुतेक वेळा सगळं अवजारच गेलं. हिकरी किंवा ॲश या परदेशी झाडांचा लाकडी दांडा झणका बराचसा स्वतः पितो आणि मोडलाच तर नवा घालता येतो. मी लाकडाला मत दिलं आणि सुटलो म्हणालो. सुटतो कसला! लाकडी दांड्याचीही पत्रिका पाहावी लागते. दांडा उलटा धरून बुडाच्या रेघा बघायच्या. त्या धारेच्या दिशेने धावत असल्या तर उत्तम, आडव्या असल्या तर दांडा फुटायची शक्यता जास्त. शिवाय रेघा टोकापासून टोकापर्यंत सरळ जायला हव्यात. मध्येच बाजूला निसटल्या की समजायचं, मोडेल तो इथेच. दुकानात मी सात कुऱ्हाडी उलट्या करून डोळ्यांजवळ नेल्या. आठवीला शेजारच्या गिऱ्हाइकाने स्वतःचा तळहात पुढे केला.

'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण मी आजवर झाडांच्या बाजूनेच ऐकली होती. विकत घेणाऱ्यालाही तो काळच असतो, हे म्हण रचणाऱ्याने का लपवलं?

फुकटचे सल्लेही आलेच. एका अनुभवी गृहस्थांनी सांगितलं, पातं ढिलं झालं तर रात्रभर बादलीत बुडवून ठेवा, लाकूड फुगतं, घट्ट बसतं. बसतं खरं. पण फुगायला जागा नसल्यामुळे आतले तंतू चेमटतात, आणि वाळल्यावर पातं पहिल्यापेक्षा जास्त हलतं. दांड्याला जवसाचं तेल पाजावं आणि ढिल्या पात्याला नीट पाचर ठोकावी, हेच खरं. हे मी त्यांना बोललो नाही. त्यांच्या हातात त्यांची कुऱ्हाड होती आणि तिचं पातं डुगडुगत होतं.

मग पात्याची जाडी. पातळ पातं आडव्या तोडीला छान, तंतू कापत खोल जातं. पण ओंडका चिरायला गेलं की रुतून बसतं. जाड गालांचं पातं पाचरीसारखं लाकूड फाकवतं, पण आडव्या फांदीवरून उसळी घेतं. छोट्या कुऱ्हाडीच्या प्रत्येक वेष्टनावर लिहिलेलं असतं की ही दोन्ही कामं करते. दोन्ही कामं करणारा माणूस आमच्या गटातही आहे, त्यामुळे मी सावध झालो.

तिसऱ्या आठवड्यात मला ओत्झी भेटला. १९९१ साली आल्प्समधल्या बर्फात सापडलेला, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा माणूस. त्याच्यापाशी तांब्याच्या पात्याची कुऱ्हाड होती, दांडा यू नावाच्या झाडाचा, जवळपास ६० सेंटिमीटर लांब. आणि ते तांबं आल्प्सचं नव्हतंच, तपासणीत त्याचा माग इटलीत, टस्कनीतल्या खनिजापर्यंत गेला. म्हणजे इंपोर्टेड मालाची हौस तेव्हाही होती. पण एवढा डोंगर चढताना, जिथे एकेक काडी जड होते, तिथेही त्या गृहस्थाला आपली कुऱ्हाड अर्ध्या दांड्याची असावी असं वाटलं नव्हतं. ही सूचना मी वाचली, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी दुकानातली सगळ्यात छोटी कुऱ्हाड उचलून आणली. पिशवीत मावत होती ना!

बायकोने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "छान आहे. पेन्सिलींना टोक करायला?"

कॅम्पवर पोचल्यावर मी चामड्याचं म्यान काढलं, दोन पाय फाकवून उभा राहिलो आणि एक घाव दोन तुकडे करायच्या तयारीने हात उचलला. घाव ओंडक्याच्या कडेला निसटता लागला आणि कुऱ्हाड थांबली नाही. माझ्या नडगीपासून चार बोटांवरून गेली. लांब दांड्याची कुऱ्हाड चुकली तर बहुधा जमिनीत घुसते. छोटीचा फेरा लहान असतो, ती चुकली की वळून थेट पायाकडे येते. आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेणं हा वाक्प्रचार ज्याने पाडला, त्याच्याकडे नक्की आखूड दांड्याची असणार.

उपाय सोपा आहे. गुडघ्यावर बसायचं, समोर एक जाड ओंडका ठेवायचा आणि त्यावर काम करायचं. मग चुकलेला घाव ओंडक्यात नाहीतर जमिनीत जातो. तर मी गुडघे टेकले. अक्षरशः.

दुसऱ्या घावाला पातं नेमकं गाठीत रुतलं. ओढून निघेना, हलवून निघेना. कुऱ्हाड उचलली तर ओंडकाही उठून आला. तो तसाच लोंबकळत घेऊन मी थोडा वेळ फिरलो, जणू हीच योजना होती. पात्याच्या पाठीवर हातोडा घालायचा मोह झाला, पण लोखंडावर लोखंड आपटलं की दांडा बसतो ते भोक फाकतं, हे वाचलेलं होतं. माझं वाचन असं ऐन वेळी आडवं येतं.

तेवढ्यात मित्राची आई आली. ओंडका पायाने दाबून दांडा वरखाली हलवत तिने पातं सोडवलं. मग गाठ नसलेलं, मनगटाएवढं एक लाकूड घेतलं, पातं त्याच्या टोकाला टेकवलं, दोन्ही एकत्र उचलून बुंध्यावर आपटलं. टप्. दोन फाळके. "हवेत कशाला फिरवतोस रे? टेकव आणि आपट." मी विचारलं, "काकू, तुमच्या घरी किती ग्रॅमची आहे?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

आडवं तोडायला, खरं सांगायचं तर, घडीची छोटी करवत कधीही बरी. मित्राने तीच आणली होती. मी एक फांदी तोडेपर्यंत त्याच्या पाच कापून झाल्या. त्या पाच मी काकूंच्या पद्धतीने अंगठ्याएवढ्या चिरल्या, टेकव आणि आपट, टेकव आणि आपट, आणि ओल्या सालीच्या आतलं कोरडं लाकूड उघडं पडलं. आग पहिल्याच काडीला धरली. मंडळी टाळ्या वाजवून तिच्याभोवती जाऊन बसली.

मी होतो तिथेच होतो, बुंध्यासमोर, गुडघे टेकून. कोणीतरी म्हणालं, "बघा, किती नम्र!" शेवटी मित्राने एका बगलेत हात घातला, काकूंनी दुसऱ्या.