‘इस्ट्रोजन शून्यावर आणा’: जिममधल्या सल्ल्याचा प्रतिवाद

कोल्हापुरात राजारामपुरीपासून कसबा बावड्यापर्यंतच्या जिममध्ये एक सल्ला फिरतोय. ‘टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुरू केलं की त्याच दिवसापासून इस्ट्रोजन घटवणारी अ‍ॅनास्ट्रोझोलची गोळी रोज एक. इस्ट्रोजन हे बायकांचं हार्मोन, ते शून्यावर गेलं पाहिजे. नाहीतर छाती सुटते, अंगात पाणी भरतं, पिंपल येतात. रिपोर्टमध्ये चाळीसच्या वर दिसलं की गोळी डबल.’

आधी ‘बायकांचं हार्मोन’ बघू. पुरुषाच्या अंगात एस्ट्राडायॉल, म्हणजे मुख्य इस्ट्रोजन, बनतं ते टेस्टोस्टेरॉनपासूनच. चरबी, हाडं, मेंदू इथलं अरोमाटेज नावाचं एन्झाइम हे काम करतं. वृषणांतून थेट येणारा वाटा साधारण पाचवा हिस्सा. १९९४ साली २८ वर्षांच्या एका पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या शरीरावर इस्ट्रोजनचा परिणामच होत नव्हता. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित, तरी हाडं ठिसूळ. उंची २०४ सेंटिमीटर आणि वाढ तेव्हाही थांबलेली नव्हती.

२०१३ च्या एका अमेरिकन अभ्यासात निरोगी पुरुषांचं स्वतःचं हार्मोन औषधाने बंद करून वरून टेस्टोस्टेरॉनचं जेल दिलं. एका गटाला सोबत अ‍ॅनास्ट्रोझोलही दिलं. स्नायू आणि ताकद टेस्टोस्टेरॉनच्या कमतरतेने घटली, पण चरबी वाढली ती मुख्यतः इस्ट्रोजनच्या कमतरतेने. कामेच्छा दोन्हींच्या अभावाने घसरली. म्हणजे ‘कटिंगसाठी’, चरबी उतरवायला, ही गोळी घेणारा उलट्या दिशेने चाललाय. सांधे दुखणं, इच्छा मरणं, मरगळ ही इस्ट्रोजन फार खाली गेल्याची लक्षणं. जिममध्ये मात्र त्यावर टेस्टोस्टेरॉनचा डोस वाढवायला सांगतात!

छाती सुटण्याचा धोका खरा आहे, ते मान्य. पण आधी बोटांनी चाचपायचं. स्तनाग्राच्या बरोबर खाली टणक, दुखरी चकती लागली तर ती ग्रंथी. सगळीकडे मऊ लागलं तर ती चरबी, तिला गोळीचा उपयोग नाही. ग्रंथी नवी असेल तर डॉक्टर टॅमॉक्सिफेनचा, म्हणजे स्तनग्रंथीवर इस्ट्रोजनचा परिणाम होऊ न देणाऱ्या गोळीचा, विचार करतात. त्यावर अ‍ॅनास्ट्रोझोलचे निकाल निराशाजनक आहेत. वर्षभर अंगावर काढलं की ती तंतुमय होते, मग शस्त्रक्रियाच. एकाच बाजूला कडक गाठ किंवा रक्तस्राव असेल तर डॉक्टरकडे जायला थांबायचं नाही.

पिंपल टेस्टोस्टेरॉनमुळेच येतात, कारण तेलग्रंथी त्यानेच चेकाळतात. पाण्याचं म्हणाल तर टेस्टोस्टेरॉन मिठाला शरीरात धरून ठेवतं. वर जेवणात लोणचं-पापड रोजचं. रक्तदाब मोजा.

आता ‘चाळीस’. प्रौढ पुरुषात एस्ट्राडायॉल साधारण १० ते ४० पिकोग्रॅम प्रति मिली असतं. लॅबची नेहमीची इम्युनोअ‍ॅसे तपासणी बायकांच्या मोठ्या आकड्यांसाठी बेतलेली, त्यामुळे या खालच्या पट्ट्यात ती चुकते. रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या, जास्त अचूक एलसी-एमएस/एमएस पद्धतीने करून मागा. नमुना बाहेर पाठवावा लागेल. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर किमान दोन-तीन दिवस आधी बंद, नाहीतर काही मशिनांवर आकडा खोटाच वर दिसतो. एनान्थेट किंवा सिपिओनेट ही टेस्टोस्टेरॉनची हळूहळू सुटणारी इंजेक्शनं घेत असाल तर रक्त दोन इंजेक्शनांच्या बरोबर मध्यावर द्या, दरवेळी त्याच टप्प्यावर. शिवाय टेस्टोस्टेरॉन वाढलं की एस्ट्राडायॉल त्याच्या मागोमाग वाढणारच. लक्षण नसताना नुसत्या आकड्यावर गोळी सुरू करण्यात अर्थ नाही.

लक्षणं असतील तर पहिला हात डोसला. २५० मिलिग्रॅम एकदम टोचून तीन आठवडे गप्प बसलं की पहिल्या काही दिवसांत शिखर, शेवटी दरी. कमतरतेच्या उपचारात एनान्थेट आठवड्याला ७५ ते १०० मिलिग्रॅम देतात. विभागून दिल्याने शिखर बुटकं होतं. पोटाची चरबी घटली की अरोमाटेजही घटतं. सोबत एचसीजी (वृषणांना चालना देणारं इंजेक्शन) चालू असेल तर तेही एस्ट्राडायॉल वाढवतं. एवढं करूनही लक्षण राहिलं, तर डॉक्टर थोडक्या मात्रेत गोळी देतील. तिचं अर्धायुष्य सुमारे ५० तास, त्यामुळे रोज घेतली की ती साठत जाते आणि आजच्या डोसचा पुरता परिणाम आठवड्याने कळतो.

इस्ट्रोजनच्या नादात हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, कुणी बघत नाही. तो सुरुवातीला, मग तीन ते सहा महिन्यांनी, पुढे दरवर्षी तपासायचा. ५४ टक्क्यांच्या वर गेला तर टेस्टोस्टेरॉन थांबवायचं. आणि मूल हवं असेल तर हे इंजेक्शनच नको, वीर्यातले शुक्राणू घटतात. गोळीने ते वाचत नाहीत.

तालमीतल्या पोरांसाठी एक गोष्ट वेगळी. टेस्टोस्टेरॉन तर वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदी-यादीत आहेच, पण अ‍ॅनास्ट्रोझोल आणि टॅमॉक्सिफेनसुद्धा त्याच यादीत, स्पर्धा असो वा नसो, बाराही महिने बंदी. डॉक्टरची चिठ्ठी दाखवून सुटका होत नाही. उपचारासाठीची रीतसर सूट मंजूर असावी लागते.