मुलं मिळत नाहीत हो!

अमेरिकेतल्या एखाद्या कॉलेजात ‘अपवर्ड बाउंड’चं डायरेक्टरपद तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर आधी अभिनंदन. 1964 साली गरिबीविरुद्धच्या सरकारी मोहिमेतून ही योजना निघाली. पुढच्या चार वर्षांत टॅलेंट सर्च आणि स्टुडंट सपोर्ट सर्व्हिसेस आल्या आणि तिघींना मिळून ट्रिओ म्हणू लागले. आज त्या तिनापेक्षा जास्त आहेत, नाव तेच राहिलं. सरकारी मोजणीचं असंच असतं. पैसे वॉशिंग्टनच्या शिक्षण खात्याचे, ग्रँट पाच वर्षांची. काम एवढंच, की घरात पैसा नाही आणि आईबाप पदवीधर नाहीत अशा हायस्कुलातल्या पोरांना हाताशी धरून कॉलेजपर्यंत न्यायचं. शिकवणी फुकट, उन्हाळ्यात सहा आठवडे वर्ग फुकट, वर खर्चीला दरमहा पैसे.

इतकं फुकट असूनही जागा रिकाम्या ठेवायच्या म्हणजे खायचं काम नाही. नुकताच एका प्रकल्पाचा चौदा पानी अर्ज पाहण्यात आला. त्याच प्रकल्पाची मंडळी ‘मुलं मिळत नाहीत हो’ म्हणून गळा काढत होती. म्हणून हे मार्गदर्शन. आपल्या मराठी घरांतल्या मुलांचा यात फारसा संबंध येत नाही: घरात पदव्यांची रास, आणि एच-4 वरचं, म्हणजे आईबापांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडून आलेलं, मूल ना नागरिक ना ग्रीन कार्डवालं, म्हणून दारातच बाद. पण टेबलाच्या अलीकडे बसणारे आपलेही लोक असतात, त्यांच्यासाठी. तुमच्याकडे साठ जागा आहेत असं धरून चालू.

भरतीला सप्टेंबरच्या अखेरीस हात घाला. आठवी संपता संपता, एप्रिल-मेमध्ये, पोरांचं पुढल्या वर्षाचं वेळापत्रक कोरं असतं. तेव्हा गाठलंत तर ती हो म्हणतील. सप्टेंबरपर्यंत फुटबॉल, बँड, धाकट्या भावंडांना सांभाळणं आणि संध्याकाळची नोकरी यांनी ते गच्च भरतं. मग तुम्ही जा.

शाळेत गेल्यावर फ्लायरचा गठ्ठा काउन्सेलरच्या टेबलावर ठेवा आणि निघा. काउन्सेलरांच्या राष्ट्रीय संघटनेच्या मते एकीमागं 250 विद्यार्थी असावेत. बहुतेक राज्यांत त्याहून जास्तच असतात. वेळापत्रकं, परीक्षा, कुणाच्या घरचा तमाशा, सगळं तिनंच निस्तरायचं. ती बिचारी आठवतील ती दहा नावं देईल. आणि आठवतात कोण? पहिल्या बाकावरची, ज्यांच्या आया दर आठवड्याला ईमेल करतात ती. म्हणजे तुमच्याशिवायही कॉलेजला जाणारी. मुलगे तर त्या यादीत शोधूनच काढावे लागतात. बास्केटबॉलचा कोच, इंग्रजी नव्यानं शिकणाऱ्या मुलांची बाई, हजेरी मांडणारी क्लार्क, चर्चचा पाद्री यांना विचारलं तर निराळीच नावं निघतात. पण डायरेक्टरनं हजेरीच्या खिडकीपाशी उभं राहणं बरं दिसत नाही.

मोफत जेवणाची यादी मागत बसा. शाळा देणार नाही, कारण कुणाचं मूल फुकट जेवतं हे कायद्यानं गोपनीय असतं. आणि ज्या शाळा फारच गरीब, तिथं पुष्कळदा अख्खी शाळाच फुकट जेवते, घरागणिक अर्ज भरून घेतच नाहीत, म्हणजे यादी मुळात नसतेच. दोन महिने आरामात जातात.

किमान जीपीए, म्हणजे चारपैकी गुणांची सरासरी, 3.0 ठेवा. ज्याला शिकवणीची गरज आहे त्यानं आधी हुशार होऊन यावं.

पालकसभा मंगळवारी, दुपारी तीनला.

आता मुख्य तंत्र: उत्पन्नाचा पुरावा. नियम काय म्हणतो ते आधी बघा, म्हणजे त्याला वळसा कसा घालायचा ते कळेल. मूल आईबापांवर अवलंबून असेल तर चारपैकी कोणताही एक कागद चालतो: पालकांनी सही करून दिलेलं उत्पन्नाचं निवेदन, दुसऱ्या सरकारी खात्याकडून खातरजमा, सही केलेला आर्थिक मदतीचा अर्ज, किंवा सही केलेलं टॅक्स रिटर्न. कोणताही एक. एका कागदावर एक आकडा, खाली सही, संपलं. तुम्ही काय मागायचं? रिटर्नची सगळी पानं, दोघांचे डब्ल्यू-2 (मालकाकडून मिळणारे वर्षाच्या पगाराचे दाखले), शेवटच्या तीन पगारांच्या स्लिपा, विजेचं बिल, जन्मदाखला. महाडीबीटीवर दाखले चढवताना ज्यांचं रक्त आटलंय त्यांना इथं माहेरी आल्यासारखं वाटेल.

आणि आकडा कोणता विचारायचा? नियमात आहे करपात्र उत्पन्न, मागल्या वर्षाचं, दारिद्र्यरेषेच्या 150 टक्क्यांपर्यंत. 2025 च्या तक्त्यात चार माणसांच्या घराला ही मर्यादा 48,225 डॉलर होती. तुम्ही अर्जावर नुसतं ‘वार्षिक उत्पन्न’ छापा. बाप गोदामात रात्रपाळीला, आई वृद्धाश्रमात कामाला, दोघांची मिळून कमाई 75,000. ते 75,000 लिहितात, शेजारचा तक्ता बघतात आणि अर्ज कचऱ्यात टाकतात. प्रत्यक्षात 2024 सालच्या नवराबायकोच्या एकत्र रिटर्नवर 29,200 ची ठरीव वजावट होती. करपात्र उरले 45,800. मूल बसतंय हो तुमच्या निकषात! आयकर रिटर्नचा फॉर्म 1040, त्याची 15 वी ओळ, तेवढीच बघायची. ‘15 व्या ओळीतला आकडा लिहा’ हे छापायला शाई किती लागते?

पण नाही. आईला इंग्रजी वाचता येत नसेल तर ही चौदा पानं वाचून दाखवणार कोण? तर तेच पोर. चौदा वर्षांचं. त्यानं रात्री आईला विचारायचं की तुला पगार किती, बाबा कागदोपत्री आपल्या घरात राहतो की नाही, आपण रिटर्न भरलंय का. आणि ती उत्तरं उचलून परक्या ऑफिसातल्या परक्या माणसाच्या हातात द्यायची. कुठलं पोर देईल? तो अर्ज दप्तराच्या तळाशी चुरगळून पडतो, आणि तुमच्या फाइलीत नोंद होते, ‘विद्यार्थ्याला रस नाही’. रस नाही! त्याच्या आईच्या पगाराची स्लिप मागताना तुम्हाला काही वाटलं नाही, आणि रस त्याला नाही.

असो. पदवीच्या रकान्यातही हीच कला वापरता येते. ‘पालक कॉलेजात गेले होते का?’ एवढंच विचारा. आईनं कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढलेली असतात, ती प्रामाणिकपणे ‘हो’ लिहिते आणि लेकरू बाद. कसोटी बॅचलर डिग्रीची आहे. दोन वर्षांच्या डिग्रीनं मूल अपात्र होत नाही. मूल एकट्या आईजवळ राहत असेल आणि तीच पोसत असेल, तर दूर गेलेल्या बापाची पदवी बघायचीही नसते. हे कुणाला सांगू नका.

एवढं करूनही मुलं आलीच, तर सोपी आधी भरा. किमान दोनतृतीयांश मुलांना दोन्ही अटी लागतात, गरिबी आणि घरात पदवीधर नसणं. उरलेल्यांना एखादी पुरते, किंवा नापास होण्याचा मोठा धोका तरी. साठात चाळीस आणि वीस. ती वीस भराभर मिळतात. ऑक्टोबरातच भरा, फोटो काढा, डीनला पाठवा. पुढं दोन्ही अटींतली तीसच सापडली, की गणित फिरतं: तिसांच्या जोरावर दुसरी पंधराच बसतात, फोटोतल्या पाच जणांना घरी पाठवायचं, एकूण पंचेचाळीस. मंजूर संख्येच्या 90 टक्के म्हणजे चोपन्न. तिथं पोचला नाहीत तर त्या वर्षाचे पूर्वानुभवाचे गुण, म्हणजे चालू ग्रँटमधल्या कामगिरीचे, शून्य. पुढल्या स्पर्धेत अर्जाच्या 100 गुणांवर हे जास्तीत जास्त 15 मिळतात, आणि ग्रँटा एकदोन गुणांनी हातच्या जातात.

नाव लिहून घेतलं म्हणजे मूल मिळालं असंही नाही. शालेय वर्षात घेतलेलं मूल 60 दिवस आणि उन्हाळ्यात घेतलेलं 10 दिवस टिकलं तरच मोजतात. तेव्हा पहिल्या दिवशी पिझ्झा, टीशर्ट, टाळ्या; नंतर सहा आठवडे शांतता.

खर्चीचे पैसे: कायद्यानं शालेय वर्षात महिन्याला जास्तीत जास्त 40 डॉलर, जून ते ऑगस्ट 60. केंद्राचं किमान वेतन 2009 पासून तासाला 7.25, म्हणजे चाळीस ही जेमतेम साडेपाच तासांची मजुरी. पोरानं उन्हाळ्यातली नोकरी सोडून प्रीकॅल्क्युलस करावं अशी अपेक्षा. त्याच कायद्यात उन्हाळ्यात काम करत शिकणाऱ्यांना महिन्याला 300 पर्यंत देण्याची सोय आहे. ते पान उघडू नका.

शनिवारच्या वर्गाला: ‘येण्याजाण्याची व्यवस्था पालकांनी स्वतः करावी.’

खात्याकडूनही शिकण्यासारखं पुष्कळ आहे. 2006 मध्ये त्यांनी फर्मान काढलं, की जागांच्या दुप्पट मुलं गोळा करा, चिठ्ठ्या टाका, अर्धी घ्या आणि अर्धी तुलनेसाठी बाहेर ठेवा. मूल्यमापन म्हणे! नववीच्या पोराला ये म्हणायचं, आशा दाखवायची, आणि मग सांगायचं की तू न मिळालेल्यांच्या रकान्यात. 2008 मध्ये अमेरिकी संसदेनं कायदा करून हे बंद पाडलं. 2017 मध्ये ओळींतलं अंतर आणि असल्याच छपाईच्या चुकांवरून अपवर्ड बाउंडचे डझनावारी अर्ज न वाचता परत केले. आरडाओरडा झाला तेव्हा कुठं पुन्हा हातात घेतले.

तेव्हा खात्याला शिव्या घालायला मी पहिल्या रांगेत आहे. पण तुमचा चौदा पानी अर्ज खात्यानं लिहिलेला नाही. तो तुम्ही लिहिलात. पगाराच्या स्लिपा खात्यानं मागितल्या नाहीत, जीपीएची अट खात्यानं घातली नाही, तीन वाजताची सभा खात्यानं बोलावली नाही. ऑडिट येईल या भीतीनं तुम्ही कागद साठवलेत, आणि ज्यांच्यासाठी पैसा आला त्यांनाच कागदांच्या ढिगाऱ्यापलीकडे उभं केलंत.

आणि वेळ कोणती? 2025 मध्ये व्हाइट हाउसनं पुढच्या वर्षासाठी ट्रिओ आणि गिअर अप (गरीब मुलांना कॉलेजसाठी तयार करणारी दुसरी केंद्रीय योजना), दोन्हींना शून्य पैसे प्रस्तावित केले. कारण असं, की गरीब मुलांना कॉलेजप्रवेश ही आता पूर्वीसारखी अडचण राहिलेली नाही. मेन राज्याच्या सिनेटर सुझन कॉलिन्स यांच्यासारखे रिपब्लिकनही ट्रिओसाठी भांडतात. त्यांच्या हातात तुम्ही काय देणार? साठाला पंचेचाळीस, आणि ‘रस नाही’ची नोंद?

मुलं आहेत. अर्ज एक पानी करा, स्पॅनिशमध्ये छापा, 15 वी ओळ छापा, खाली सहीची जागा ठेवा. ग्रँटमधून शनिवारच्या गाडीचे पैसे आधी बाजूला काढा. दोन्ही अटींतली चाळीस होईपर्यंत उरलेल्या वीस जागांवर कुणाला घेऊ नका, आणि चाळिसावर दहाबारा नावं तयार ठेवा, कारण मुलं गाव सोडतात, नोकरी धरतात. आणि घरी फोन संध्याकाळी सातनंतर करा. दिवसा आई पाळीवर असते.