मीडिया बदलायचा आहे

सोसायटीच्या कमिटीत मी शिरलो ते पार्किंगच्या भांडणापायी. पदरात पडला जलतरण तलाव. मला पोहता येत नाही, हे मी तिथल्या तिथे सांगून टाकलं. "उत्तम! म्हणजे तुमचा त्यात काही स्वार्थ नाही," असं म्हणत सेक्रेटरींनी पंपरूमची किल्ली माझ्या हातात ठेवली.

मे महिना लागला, पोरांच्या सुट्ट्या सुरू झाल्या आणि पाणी तांदळाच्या धुवणासारखं दिसायला लागलं. क्लोरीन बरोबर, पीएच ७.४, पण तळाच्या निळ्या फरश्या काही दिसेनात. ठेकेदाराच्या माणसाने पंपरूममध्ये नुसतं डोकावल्यासारखं केलं आणि निदान सांगितलं, "साहेब, मीडिया बदलायला लागतोय." मी नोटीस लावली : रविवारी ११ वाजता सभा. विषय : मीडिया बदलणे.

एरवी कोरमसाठी वॉचमनला मोजायची वेळ येते, त्या रविवारी खुर्च्या कमी पडल्या. सी विंगच्या एक काकू पैठणी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. "कुठल्या चॅनेलचे येणारेत?" त्यांनी मला हळूच विचारलं. फिल्टरच्या टाकीत जी वाळू असते तिला मीडिया म्हणतात, हे कळल्यावर त्या उठून गेल्या नाहीत, पण त्यांनी पर्स मात्र जोरात बंद केली.

बी विंगचे निवृत्त इंजिनिअर फाइल घेऊनच आले होते. "साधी वाळू २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचा कण धरते. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा. म्हणजे केसाच्या निम्म्याहून बारीक घाण तुमच्या तोंडात!" अर्धी सभा घशाला हात लावून बसली. त्यांचं मत काचेला. जुन्या बाटल्या भरडून, कडा बोथट करून केलेली काच. गुळगुळीत असल्यामुळे तिला घाण चिकटून राहत नाही, वजनातही वाळूपेक्षा कमी लागते. "काच? तलावात? जिथे माझा नातू पोहतो तिथे?" मागून आवाज आला आणि काच फुटली.

मग झिओलाइट निघालं. सच्छिद्र दगड, अमोनियासुद्धा शोषतो. अमोनिया तलावात येतो कुठून, असं एका भाबड्या सभासदाने विचारलं. सगळे पालक छताकडे बघायला लागले. तेवढ्यात आमचे सिन्नरकर उसळले, "झिओलाइट विकत कशाला घ्यायचं? आमच्या गारगोटी संग्रहालयात येऊन बघा, दख्खनच्या बेसाल्टमध्ये खच्चून भरलंय!" ती स्फटिकं काचेच्या कपाटात ठेवायची असतात, फिल्टरला लागतं ते क्लिनोप्टिलोलाइट वेगळं, हे त्यांना समजावण्यात चहा गार झाला.

डायाटमच्या मातीचंही नाव निघालं. ती पार २ ते ५ मायक्रॉनपर्यंत गाळते. पण तिला टाकी वेगळी लागते, आणि ही माती म्हणजे शेवाळाचे लाखो वर्षांपूर्वीचे सांगाडे. शेवाळाने बिघडलेलं पाणी शेवाळाच्याच हाडांतून गाळायचं! मला ही कल्पना फार आवडली होती, पण श्रावणात चालेल का, असा प्रश्न आल्यावर मीच ती मागे घेतली.

शेवटी मालवणी काका उठले. "आमच्या कासार्ड्याची सिलिका वाळू घेवा आणि गप ऱ्हवा." दर सगळ्यांत कमी होता, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला.

जुनी वाळू काढायला आम्ही टाकीपाशी गेलो तेव्हा मी पंपवाल्या मामांना सहज विचारलं, "मामा, बॅकवॉश कधी करता?"

"गेजचा काटा वर चढला की."

"आणि चढला कधी?"

"न्हाई की अजून. लई शांत गेज हाय."

पंप बंद होता. काटा १२ वर. मी टिचकी मारली, १२. मामांनी पाना आपटला, तरी १२. मूळ दाबापेक्षा ८-१० पीएसआय चढला की उलटं पाणी सोडून वाळू धुवायची असते. आमचा काटा कधी हललाच नाही, म्हणून वाळूनेही आंघोळ केली नाही.

वरचं झाकण काढलं. आत वाळू नव्हतीच. बेसनाच्या लाडवाएवढे करडे गोळे होते, एकमेकांना धरून बसलेले. गोळ्यांच्या मधून पाण्याने आपली पायवाट पाडली होती आणि ते आलं तसं, न गाळता, परत तलावात जात होतं. मामांनी एक गोळा उचलून दोन बोटांत चुरडला. बोटं तुळतुळीत. वास घेतला : खोबरेल!

वाळूचे कण रगडिता तेलही गळे, हे शाळेत फळ्यावर किमान शंभर वेळा लिहिलं असेल. त्याचा पुरावा आमच्या पंपरूममध्ये निघेल असं वाटलं नव्हतं. काच घातली असती तर काचेचे लाडू झाले असते, झिओलाइटचे महागडे.

बाकीचं काम दोन तासांत उरकलं. मधल्या पाइपच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी बांधली, तळाच्या फाटे फुटलेल्या नळ्या मोडू नयेत म्हणून टाकी आधी पाण्याने अर्धी भरली, तोंडाला मास्क लावून वाळू ओतली. नवं गेज बसवलं. ते जरा चंचल आहे, मामांना त्याचा राग येतो.

तिसऱ्या दिवशी फरश्या दिसल्या. मी उत्साहात बोर्ड लावला : "डोक्याला तेल लावून पाण्यात उतरू नये." दुसऱ्या दिवशी सकाळी ६ वाजता मायक्रॉनवाले इंजिनिअर टॉवेल गुंडाळून आले. टक्कल उन्हाआधीच चमकत होतं, कानशिलावरून ओघळ उतरत होता. मी मुकाट्याने बोर्डाकडे बोट दाखवलं.

"हे तेल नाही," ते शिडी धरत म्हणाले, "सिरम आहे. मुलीने पाठवलंय."

पुढच्या सभेचा विषय क्रमांक १ : सिरम हे तेल समजावे काय. काकूंना चॅनेलवाले येणार नाहीत हे आधीच कळवलंय.