ठोकली तरी चालेल अशी गाडी

पोरगं अठराचं झालं, म्हणजे आता त्याला गाडी घेऊन द्यायलाच हवी. नवी नको. शिकाऊ हात, त्यात द्वारका सर्कल, कुठेतरी घासणारच. त्याला घ्यायची ती जुनी, दहा-बारा वर्षांपूर्वीच्या पासिंगची, ‘ठोकली तरी चालेल’ अशी. नाशिकमधल्या यच्चयावत बापांचं यावर एकमत आहे, आणि बापांचं एकमत झालं की पुढे विचार करायची गरज उरत नाही.

धोरण अगदी सरळ आहे. घरात ज्याचा हात सगळ्यात मुरलेला, त्याच्याकडे सहा एअरबॅगवाली गाडी. तो तिच्यातून रोज सातपूरला कंपनीत जातो, पपया नर्सरीच्या चौकात उभा राहतो आणि काटा तीसच्या वर जात नाही. ज्याच्या लायसन्सची शाई अजून वाळलेली नाही, जो चार मित्र कोंबून रात्री साडेअकराला कसाऱ्याकडे सुटतो, त्याला बिनएअरबॅगची. ओरखडे पडले तरी जीव तुटत नाही. आपला.

वर्ष निवडताना २०१९ च्या अलीकडे अजिबात येऊ नका. त्या वर्षी १ एप्रिलपासून सरकारने प्रत्येक नव्या कारला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं केलं, १ जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग आणि बेल्ट लावला नाही तर कान किटवणारी घंटा. शेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्या गाड्यांत यायला २०२१ साल संपावं लागलं. ही नसती ब्याद कशाला? २०१२ च्या पासिंगचं बेस मॉडेल घ्या. त्यात स्टिअरिंगच्या मध्यभागी फक्त हॉर्न असतो, आणि तो मात्र हमखास वाजतो.

कुणी शहाणा ग्लोबल एनकॅपचं नाव काढेल. जानेवारी २०१४ मध्ये या संस्थेने आपल्याकडच्या खपाच्या पाच छोट्या गाड्यांची बिनएअरबॅगची मॉडेलं ताशी ६४ किलोमीटरच्या वेगाने आदळवून पाहिली. मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेत पाचही गाड्यांना शून्य तारे. त्याला ठणकावून सांगा, आमचा पोरगा साठच्या वर जातच नाही. (मागच्या सीटवरचे मित्र वेगळं सांगतील, पण त्यांना विचारतंय कोण.)

एबीएसचंही तेच. ते नसलेल्या गाडीत घाबरून ब्रेकवर उभं राहिलं की चाकं जाम होतात, आणि मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी नाकासमोर घसरत जाते. लासलगावच्या रस्त्यावर रात्री कांद्याची ट्रॉली समोर उगवते, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. मुरलेला ड्रायव्हर ब्रेक दाबत-सोडत बाजू काढतो. नवशिका नेमका ब्रेकवर उभा राहतो. म्हणून एबीएसची गाडी मुरलेल्याकडे आणि बिनएबीएसची नवशिक्याकडे, ही आपली वाटणी बरोबरच आहे.

आता गाडी बघायला जा. सिंगल हँड, शोरूम मेन्टेन, डॉक्टरांची गाडी. नाशिकमध्ये विकायला आलेल्या जुन्या गाड्या पाहिल्या तर या शहरात डॉक्टरांशिवाय दुसरं कुणी गाडी घेतच नव्हतं असं वाटतं. मीटरवर बारा वर्षांत अडतीस हजार किलोमीटर. एवढं कमी कसं, असं विचारू नका. डॉक्टर दवाखान्याच्या वरच राहायचे. क्लच पेडलचं रबर झिजून खालचं लोखंड चमकत असेल तर नजर वळवा. डॉक्टरांचा पाय जड होता.

सीटबेल्टही मुळापर्यंत ओढून पाहू नका. गोदावरीच्या पुराचं पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं की आपण सगळे मोबाइल घेऊन पुलावर धावतो आणि घाटावर लावलेल्या गाड्या वाहताना पाहतो. त्यातली प्रत्येक गाडी भंगारातच जाते असं थोडंच आहे? बेल्ट पूर्ण बाहेर काढला तर एरवी गुंडाळून आत बसलेल्या टोकाला गाळाची पिवळट रेघ दिसू शकते. सीट सरकवायच्या रुळांवर, बोल्टच्या खाचांत गंज दिसू शकतो. दार उघडताच मोगऱ्याचा भपकारा आला तर मालक रसिक आहे, एवढंच समजा. गंगास्नान झालेली गाडी तुम्हाला दीड लाखात मिळतेय. पुण्य वेगळं.

चुकून एअरबॅगवाली मिळालीच, तर चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझतो का, हे तपासू नका. फुटलेली एअरबॅग नव्याने बसवायला पैसे मोजावे लागतात. दिवा काढून टाकणं त्यामानाने फारच स्वस्त.

ओळखीच्या गॅरेजवाल्याला तर मुळीच बरोबर नेऊ नका. ही जमात आनंदाची वैरी. तो गाडीखाली वाकणार, डिकीचा गालिचा उचलणार, दाराला लोहचुंबक लावून पत्रा कुठे संपतो आणि पुट्टी कुठे सुरू होते ते दाखवणार, वर त्याचे पैसे घेणार. ट्रायल गंगापूर रोडवर घ्या, सपाटीला, एसी बंद ठेवून. चढावर एसी लावला की इंजिन तापतं का, हे पोराला पहिल्याच ट्रिपला कळेल. कसाऱ्याच्या परतीच्या चढावर, पावसात, मागे कंटेनर लागलेला असताना.

कागदपत्रांचं फार मनावर घेऊ नका. टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर, मालकाची सही घ्या आणि फॉर्म कपाटात साड्यांच्या खाली सरकवा. पेठ रोडच्या आरटीओत खेटे कोण घालणार? गाडी एकाच्या नावावर, विमा त्याच्याच, ठोकणारा तिसरा. पंधरा वर्षं भरत आली असतील तर किंमत अजून पाडून मागा. पुन्हा पासिंग करायला पूर्वी ६०० रुपये लागायचे, एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले, वर हरित कर. ते तेव्हाचं तेव्हा.

खरं तर अठराची तरी वाट कशाला पाहायची? सोळाव्या वर्षी पाय क्लचला पुरतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९ अ घातलं, तेही पालकांची सोय बघूनच. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. म्हणजे जेलमध्ये बाप आणि कॉलेजात पोरगं. शिक्षणात खंड पडत नाही.

मुलगी असेल तर यातलं काहीच करावं लागत नाही. तिला स्कूटी, आणि हेल्मेटने केस खराब होतात म्हणून स्कार्फ. चारचाकीचं काय ते ‘तिकडचे’ बघतील.

एवढी काटकसर केल्यावर हातात थोडे पैसे उरतात. त्यातून डिकीभर वूफर, पुढे आरपार जाणारे पांढरे एलईडी, मागच्या काचेवर महाराज. टायर मात्र आहेत तेच ठेवा. टायरच्या कडेला लांबट चौकटीत चार आकडे असतात. ३२१५ असेल तर तो २०१५ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. इतक्या वर्षांचं रबर कडक होतं, बाजूच्या भिंतीला केसासारखे तडे जातात, नक्षी मात्र वरून ठसठशीत दिसते, कारण डॉक्टर दवाखान्याच्या वरच राहायचे. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि आपल्या अंगणातून जाणारा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. तापलेलं काँक्रीट आणि ताशी १२० ची मर्यादा. मर्यादा म्हणजे किमान, असं पोराला वाटतं. त्याने टायरचा विषय काढलाच तर नक्षीवर बोट फिरवून दाखवा आणि सांगा, अजून एक पावसाळा आरामात निघेल.