सीएचमॉड ७७७ हा उपाय नाहीये, प्लीज पुढे पाठवू नका

"परमिशन डिनाइड आलं की आख्ख्या फोल्डरवर सीएचमॉड ७७७ मारा, विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे फाइल उघडते, घरच्या मशीनवर काही धोका नाही आणि नको वाटलं तर नंतर बदलता येतं." सीएचमॉड म्हणजे फाइल कोणी वाचायची, लिहायची, चालवायची हे बदलणारी कमांड, आणि ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळं. हा सल्ला इतक्या ठिकाणी बघितलाय की आता एकेक मुद्दा घेऊन लिहितोच, कारण नवीन शिकणारी मुलं हेच पहिल्यांदा शिकतात आणि मग तीच सवय हाताला बसते.

आधी "सगळीकडे उघडते" हे घेऊ. लिनक्समध्ये मुळात नऊ बिट, मालक, ग्रुप आणि बाकीचे, प्रत्येकाला वाचणं, लिहिणं, चालवणं. विंडोजच्या एनटीएफएस या डिस्कच्या फॉरमॅटमध्ये प्रत्येक फाइलला एसीएल म्हणजे एक यादी असते, कोणाला काय करू द्यायचं नि काय नाही, वरच्या फोल्डरकडून वारशाने आलेलं वेगळं, आणि माणूस ओळखायचा तो एसआयडी नावाच्या लांबलचक नंबरवरून. ही यादी नऊ बिटांत बसत नाही, म्हणून मधे कोणीतरी दुभाष्या लागतो, नेटवर्कवर फाइल शेअर करणारा सांबा, लिनक्समध्ये एनटीएफएस वाचणारा एनटीएफएस-३जी, विंडोजमध्ये लिनक्स चालवणारा डब्ल्यूएसएल, जे असेल ते. गडबड बहुतेक वेळा त्या दुभाष्याच्या सेटिंगमध्ये असते, तुमच्या फाइलमध्ये नाही. पेनड्राइव्ह तर फॅट ३२ किंवा एक्सफॅट, तिथे मालक आणि परमिशन लिहून ठेवायला जागाच नाही, एलएसमध्ये (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) दिसतं ते माउंट करताना, म्हणजे ड्राइव्ह सिस्टिमला जोडताना, ठरलेलं असतं, तेव्हा यूआयडी (मालकाचा नंबर), जीआयडी (ग्रुपचा नंबर), एफमास्क, डीमास्क (फाइल नि फोल्डरच्या कोणत्या परमिशन काढायच्या ते) तिथेच द्यायचे.

डब्ल्यूएसएलमध्ये हे डोळ्यांनी बघता येतं. माझी एसएसएचची (दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायची) की सी ड्राइव्हवर होती, सीएचमॉड ६०० (फक्त मालकाला वाचणं, लिहिणं) मारलं, काही एरर नाही, परत एलएस केलं तर जशीच्या तशी ७७७, आणि एसएसएच म्हणतंय परमिशन फार उघड्या आहेत, ही की मी वापरणार नाही. म्हणजे ७७७ दिल्यावर काही अडत नाही हे पण चूक, इथे ७७७ मुळेच अडलं होतं! डब्ल्यूएसएल डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये ऑटोमाउंटखाली मेटाडेटा ऑप्शन (लिनक्सच्या परमिशन फाइलसोबत लिहून ठेवणारा) टाकला, डब्ल्यूएसएल शटडाउन करून परत चालू केलं, मग ६०० टिकलं. की लिनक्सच्याच होम फोल्डरमध्ये ठेवली असती तर हे पण लागलं नसतं.

घरच्या मशीनवर धोका नाही म्हणता, पण घरच्या मशीनवर तुम्ही एकटे नसता. वेब सर्व्हर, डेटाबेस, प्रत्येकाचा वेगळा युजर चालू असतो. एका प्लगइनमध्ये भोक निघालं की ७७७ असलेल्या प्रत्येक फाइलमध्ये हल्ला करणाऱ्याला लिहिता येतं. गिटचा (कोडमधले बदल नोंदवणारं साधन) त्रास वेगळाच, एकही अक्षर न बदलता सगळ्या फाइल बदललेल्या दिसतात, १००६४४ चं १००७५५, म्हणजे साधी फाइल एक्झिक्युटेबल झाली.

आणि "नंतर बदलता येतं" यावर मला खरंच राग येतो. ओळखीच्या एका छोट्या ऑफिसात एकाने शेअर फोल्डर समजून रूटवरच, म्हणजे सिस्टिमच्या सगळ्यात वरच्या फोल्डरवरच, हे चालवलं. सुडो (अ‍ॅडमिनच्या हक्काने कमांड चालवणारी) या फाइलवर त्या नऊशिवायचा सेटयूआयडी बिट असतो, म्हणजे ती मालकाच्या हक्काने चालते, ७७७ ने तो उडतो, त्यामुळे दुरुस्त करायला सुडो लागतं आणि तेच चालेना. आधी कुठल्या फाइलला काय होतं हे सिस्टिम लिहून ठेवत नाही, गेटएफएसीएल कमांडने आधी परमिशनची यादी काढली असती तर सेटएफएसीएल रिस्टोअरने परत आलं असतं. ती नव्हती, शेवटी सर्व्हर नव्याने टाकला आणि दोन दिवस लोक बसून होते.

मग करायचं काय? आधी आयडी टाइप करून आपला नंबर बघा. डिस्कवर नाव नसतं, नंबर असतो, मॅकवर पहिला युजर ५०१ आणि बहुतेक लिनक्सवर १०००, त्यामुळे एनएफएसवर (नेटवर्कवरून फोल्डर शेअर करायची पद्धत) एकच माणूस दोन वेगळे वाटतात. नेमआय डॅश एल देऊन पूर्ण पाथ बघा, कित्येकदा फाइल ठीक असते आणि वरच्याच एखाद्या फोल्डरला एक्स (आत जायची परवानगी) नसतो. चार जणांनी मिळून वापरायचा फोल्डर असेल तर एक ग्रुप करा, फोल्डरला २७७५ द्या म्हणजे आतल्या नवीन फाइल त्याच ग्रुपच्या होतात, आणि सांबाच्या सेटिंगमध्ये फोर्स ग्रुप नि क्रिएट मास्क ०६६४ लिहा. आधीपासूनच्या फाइलना सीएचमॉड डॅश कॅपिटल आर (आतल्या सगळ्यांना लागू), जी प्लस आरडब्ल्यू (ग्रुपला वाचणं, लिहिणं) आणि पुढे कॅपिटल एक्स द्या, छोटा नाही, कॅपिटल एक्स फक्त फोल्डरना आणि आधीच चालणाऱ्या फाइलनाच लागतो, बाकीच्या फाइल उगाच एक्झिक्युटेबल होत नाहीत.