साडेपाचची गाडी आणि संदर्भ विभाग : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे नियम कशासाठी असतात, यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही तालुक्यापासूनही आत असलेल्या गावातून रोज एसटीने विद्यापीठात येता, एम.ए. करता. तुमचं म्हणणं असं की मी नियमांची बाजू काउंटरच्या आतून मांडली. संदर्भ विभागातलं पुस्तक घरी देत नाहीत, साडेपाचची गाडी हुकली तर गावाला जायला दुसरं साधन नाही, म्हणजे हा नियम वसतिगृहातल्या मुलांच्याच सोयीचा. दंड गरिबालाच बोचतो. आणि प्राध्यापकांच्या घरी वर्ष वर्ष पडून राहिलेल्या पुस्तकांबद्दल मी अवाक्षरही काढलं नाही. शेवटी तुम्ही विचारलंय, "पुस्तकं वाचायला ठेवलीत की राखायला?"

मी मराठवाड्यातल्या एका ग्रंथालयात देवघेव विभागात नोकरी केली, त्यामुळे काउंटरच्या आतून बोलतो हे खरंच आहे. तिथून जे दिसतं तेच सांगतो, पण तुमचा एकही मुद्दा टाळत नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच वर्षी पाठ करावं लागतं. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रं मांडली. पहिलं सूत्र : पुस्तकं वापरासाठी आहेत. दुसरं : प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं. चौथं : वाचकाचा वेळ वाचवा. या तिन्हींवर तुमचा हक्क आहे. अडचण एवढीच की दुसऱ्या सूत्रातल्या 'प्रत्येक' वाचकात तुमच्यानंतर येणारी मुलगीही धरावी लागते, आणि काउंटरवर ती अजून आलेली नसते. तिची बाजू नियमाला मांडावी लागते. जो नियम असा पुढच्या वाचकासाठी आहे त्याच्या मी पाठीशी आहे. जो फक्त कार्यालयाच्या सोयीसाठी आहे त्याच्याशी भांडा, मीही तुमच्यासोबत भांडेन.

आता संदर्भ विभाग. तिथे दोन तऱ्हेची पुस्तकं असतात आणि दोन्हींना एकच शिक्का मारलेला असतो, म्हणून घोळ होतो. एक म्हणजे कोश, गॅझेटियर (जिल्ह्याची माहिती देणारे सरकारी ग्रंथ), जनगणनेचे अहवाल, प्रबंध. ही कोणी सलग वाचत नाही, त्यातलं पानभर बघायचं असतं. ती घरी गेली तर दहा जणांचा खोळंबा होतो. आणि यातलं बरंचसं आता तुमच्या मोबाइलवर मोफत आहे. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर आहे. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शब्द टाकून शोधता येतात. राज्याच्या गॅझेटियर विभागाने जिल्ह्यांची गॅझेटियरं ऑनलाइन ठेवली आहेत. प्रबंधांसाठी तर 'शोधगंगा' आहे. पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देण्याचा नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये केला, तेव्हापासून देशभरातले प्रबंध तिथे जमा होत आहेत. जुन्या प्रबंधांपैकी सगळे तिथे सापडणार नाहीत, पण आधी तिथे शोधून मग गाडी पकडा. एक खेप वाचू शकते.

दुसरी तऱ्हा म्हणजे अभ्यासक्रमाला लागलेलं आणि एकच प्रत उरलेलं पुस्तक. तुमचा राग यावर आहे आणि तो रास्त आहे. ही प्रत कोणा एकाकडे पंधरा दिवस गेली तर वर्गातल्या बाकीच्यांनी काय करायचं, म्हणून ती आत ठेवतात. काही ठिकाणी ती रात्रीपुरती देतात : ग्रंथालय बंद होताना न्यायची, सकाळी उघडताच परत आणायची. वसतिगृहातल्या मुलाला हे जमतं. तुमची गाडी ग्रंथालय बंद व्हायच्या आधीच सुटते, मग तुम्हाला त्या सवलतीचा उपयोग शून्य. नियमाचा हेतू बरोबर, वेळ चुकीची. बाहेरगावच्या विद्यार्थ्याला ते पुस्तक शनिवारी दुपारी द्यावं आणि सोमवारी सकाळी परत घ्यावं. रविवारी बंद असलेल्या ग्रंथालयात ते पुस्तक तसंही कपाटातच असतं, म्हणजे कोणाचंच नुकसान नाही. हे करायला एक रजिस्टर आणि ग्रंथपालाची सही पुरते.

तोपर्यंत झेरॉक्स. स्वतःच्या अभ्यासासाठी आणि संशोधनासाठी रास्त प्रमाणात प्रत काढायला १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातलं कलम ५२ परवानगी देतं. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानावर मोठ्या प्रकाशकांनी खटला भरला होता, त्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये शिकवण्यासाठी लागणाऱ्या प्रकरणांच्या प्रतींच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा "झेरॉक्सला बंदी आहे" असं कोणी सरसकट म्हणालं तर हे कलम दाखवा. अख्खं पुस्तक काढू नका, लागणारं प्रकरण काढा. आणि जुन्या बांधणीचं पुस्तक मशीनवर दाबून उताणं करू नका. कणा मोडला की पानं सुटतात. अशा पुस्तकाचे मोबाइलवर फोटो काढणं बरं.

राखण्याबद्दल मी इतका हट्टी का, तेही सांगतो. हिंगोलीकडचा एक मुलगा एका जुन्या मासिकाचे बांधीव अंक बघायला आला होता. दाखल रजिस्टरमधून अंकाचं वर्ष काढलं, वरच्या मजल्यावरून खंड आणला, धूळ झटकून त्याच्यापुढे ठेवला. अनुक्रमणिकेत त्याचा लेख होता. त्या पानांवर गेला तर पानं नव्हती. कोणीतरी ब्लेडने कापून नेली होती. शिवणीपाशी बोटभर रुंदीच्या पट्ट्या राहिल्या होत्या आणि त्या पट्ट्यांवर प्रत्येक ओळीची पहिली दोन-तीन अक्षरं. तो मुलगा ती अक्षरं वाचत बसला होता. मी त्याला काय सांगणार? ते मासिक बंद पडलेलं, संपादक हयात नाहीत.

मराठवाड्यात हे जास्त लागतं, ताई. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. उच्च शिक्षण उस्मानिया विद्यापीठाच्या छत्राखाली, उर्दू माध्यमातून. आपलं पहिलं विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ ला सुरू झालं. पुण्या-मुंबईला ज्या संस्था शंभर वर्षं मराठी पुस्तकं जमवत होत्या, तशा इथे मोजक्याच. त्यामुळे आपल्याकडची एखादी प्रत फाटली तर शेजारच्या गावात दुसरी मिळत नाही. त्यावर छापलेली किंमत सात रुपये असेल, पण सात हजार मोजले तरी ते पुस्तक बाजारात येत नाही. पुस्तक हरवलं की छापील किंमत वसूल करून प्रकरण मिटवतात, त्याला माझा विरोध आहे तो यासाठी. तीच आवृत्ती शोधून आणायला सांगावं, आणि ती मिळत नसेल तर दुसऱ्या ग्रंथालयातल्या प्रतीवरून झेरॉक्स काढून बांधून द्यायला सांगावं.

पिशवी बाहेर ठेवण्याचा नियम अपमानाचा वाटतो असं तुम्ही म्हणता. तो त्या ब्लेडमुळे आहे. पण पिशवीला कुलपाचा कप्पा द्यायला हवा, तुमचा डबा आणि पैसे उघड्यावर का राहावेत?

"वाचून झालेलं पुस्तक रॅकवर ठेवू नका, टेबलावरच राहू द्या" या पाटीचाही तुम्हाला राग आला आहे. पुस्तक कुठल्या रॅकवर जायचं हे त्याच्यावरच्या वर्गांकावरून, म्हणजे विषयाच्या आकड्यावरून ठरतं. मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६, हिंदीचा ८९१.४३. एका आकड्याची चूक झाली की पुस्तक हिंदीच्या रॅकवर जातं आणि संगणकावर ते 'उपलब्ध' दिसत असूनही कोणाला सापडत नाही. परीक्षेच्या आधी काही मुलं मुद्दाम असं करतात. हवं ते पुस्तक कृषी किंवा गणिताच्या मागच्या ओळीत खोचून ठेवतात, उद्या आपल्यालाच मिळावं म्हणून. मी स्वतः अशी पुस्तकं काढलेली आहेत. शिवाय टेबलावर राहिलेल्या पुस्तकांची रोज मोजणी होते. कुठली पुस्तकं जास्त वाचली जातात आणि कुठल्या पुस्तकाच्या आणखी प्रती घ्यायच्या, हे त्यावरून ठरवता येतं. तुम्हाला लागणारं पुस्तक टेबलावर सोडलंत तर त्याची दुसरी प्रत येण्याची शक्यता वाढते.

दंडाबाबत आपलं फारसं दुमत नाही. दंड हे ग्रंथालयाचं उत्पन्न नव्हे. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१९ मध्ये उशिराचा दंडच बंद केला, तेव्हा दडवून ठेवलेली जुनी पुस्तकं लोक उलट जास्त आणून देऊ लागले. विद्यापीठात सरसकट तसं करावं असं मी म्हणणार नाही, कारण परीक्षा तोंडावर असताना एका प्रतीमागे वीस जण उभे असतात. पण ज्या पुस्तकाला दुसऱ्या कोणी मागणी नोंदवलेलीच नाही, त्याचा दंड कशासाठी? आणि एसटी बंद असेल तर दंड माफ झालाच पाहिजे. २०२१-२२ चा एसटी संप कित्येक महिने चालला. गावाकडच्या लेकरांनी पुस्तकं परत करायला यायचं कसं? अशा वेळी मुदत आपोआप वाढावी, विद्यार्थ्याला अर्ज करायला लावू नये.

राहिले प्राध्यापक. शिकवणाऱ्याला जास्त पुस्तकं आणि जास्त मुदत द्यावी, यात मला गैर वाटत नाही. पण मागणी नोंदवली गेली की आठवड्याच्या आत पुस्तक परत आलंच पाहिजे, मग ते विभागप्रमुखांकडे असो की एम.ए.च्या मुलीकडे. आम्ही स्मरणपत्रं पाठवायचो आणि ती तशीच फायलीत जायची, कारण नियमात पुढची पायरी लिहिलेलीच नव्हती. मुलांना परीक्षेआधी ग्रंथालयाचा नो ड्यूज दाखला लागतो, शिक्षकांना निवृत्तीपर्यंत लागत नाही. ही तफावत ग्रंथालय समितीनेच मिटवायची आहे, काउंटरवरच्या कर्मचाऱ्याच्या हातात ते नाही. त्याच्यावर चिडू नका.

म्हणून अर्ज ग्रंथपालांच्या नावे करा आणि ग्रंथालय समितीपुढे ठेवावा अशी विनंती त्यात लिहा. मागण्या तीनच ठेवा : बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना शनिवार ते सोमवार संदर्भ प्रत, मागणी नसलेल्या पुस्तकावर दंड नाही, आणि मागणी नोंदवल्यावर सर्वांना सारखी मुदत. सोबत ज्या पुस्तकांसाठी तुम्हाला परत जावं लागलं त्यांची नावं, दाखल क्रमांक (ग्रंथालयाने प्रत्येक प्रतीला दिलेला नोंदणीचा आकडा) आणि तारखा जोडा. रोज एसटीने येणाऱ्या इतर मुलामुलींच्या सह्या आणि पासच्या झेरॉक्स लावा. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घ्या. मसुदा लिहून झाला की मला पाठवा, मी वाचून देतो.