बंदूक वाजायच्या आधी

शुक्रवारी कॉलवर साहेब मला म्हणाले, "अरे, डोन्ट जम्प द गन." झालेलं एवढंच की क्लायंटने मेलमध्ये नुसतं "लुक्स गुड" लिहिलं आणि मी प्रोजेक्ट संपला समजून सगळ्या टीमसाठी १४ बिर्याण्या मागवून मोकळा. पुढच्या मेलमध्ये २२ बदल आले. बिर्याणी मात्र वेळेत आली.

मी "हो सर" म्हटलं खरं, पण डोक्यात बराच वेळ मी जमिनीवर ठेवलेल्या बंदुकीवरून टुणकन उडी मारतोय असंच चित्र. मग कळलं की ही शर्यतीची बंदूक, ती वाजायच्या आधी पळत सुटायचं नाही. आपल्याकडे गुडघ्याला बाशिंग बांधतात, तेही काही कमी नाही म्हणा.

आमच्या शाळेत कुठली बंदूक, पीटीच्या सरांची शिट्टी. सर शिट्टीसाठी श्वास घेताना छाती फुगवायचे, ती फुगली की मी निघालोच. सातवीत असाच सुटलो, निम्म्या ग्राउंडवर मागे वळून बघितलं तर कोणीच नाही, म्हटलं काय लीड घेतलाय राव! सर लांब उभे राहून शिट्टी रुमालाला पुसत होते.

एक समाधान आहे, या बाबतीत धावपटू उसेन बोल्ट आणि मी एका माळेचे मणी. २०११ ला दक्षिण कोरियात दैगूला वर्ल्ड चॅम्पियनशिपची १०० मीटर फायनल होती, पठ्ठ्या बंदुकीच्या आधी सुटला आणि थेट बाहेर, कारण २०१० पासून पहिल्याच चुकीला घरी पाठवतात. त्याच्याच जमैकाच्या टीममधला योहान ब्लेक ९.९२ सेकंदात गोल्ड घेऊन गेला. बरं, बंदूक वाजल्यावरसुद्धा ०.१ सेकंदाच्या आत निघालात तरी फाउलच धरतात, म्हणे इतक्या पटकन माणूस ऐकून पळूच शकत नाही. हा नियम करणाऱ्यांनी कोथरूडचा सिग्नल बघितलेला नाही. इथे आकडा ५ वर आला की गिअर, ३ वर मागून हॉर्न आणि १ ला अर्धा चौक पार, हिरवा दिवा लागतो तो बिचारा रिकाम्या रस्त्यासाठी.

साहेबांचं मनावर घेऊन सोमवारी ठरवलं, आज शून्य होईपर्यंत हलायचं नाही. रेषेच्या मागे पहिला उभा. ४... ३... मागून रिक्षावाला हॉर्नवर हात ठेवून बसला तो उचलेचना, शेजारच्या स्कूटीवरच्या काकू म्हणाल्या, "अहो, ढकलून देऊ का?" आणि दोन्ही बाजूंनी सगळे सुर्रकन निघून गेले. मी दाताखाली जीभ धरून उभा. फक्त त्या हॉर्नने दचकून पायाने गाडी जराशी, अगदी वीतभर, पुढे सरकवली.

बुधवारी चलान आलं. फोटोसकट. एवढा मोठा चौक आणि त्यात मी एकटा, मागे-पुढे चिटपाखरू नाही, पुढचं चाक पांढऱ्या रेषेवर आणि नंबर प्लेट अशी लख्ख की पासपोर्टला चालेल.

बायकोने मोबाईल हातात घेऊन फोटो झूम केला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "हेल्मेट तरी सरळ घालायचंस."